गणपतीच्या सुट्टीनंतर दर वर्षी वाढणारा रनआउट: दोष कोलेटचा नव्हता

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं, त्यांचा टूल फिरवणारा उभा दांडा म्हणजे स्पिंडल), एक सीएनसी लेथ आणि काही जुनी हातमशीनं. लोट्याच्या केमिकल कारखान्यांना लागणारे पंपाचे आणि व्हॉल्व्हचे एसएस ३१६ या स्टेनलेसचे भाग, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांसाठी शाफ्टची कपलिंगं, हंगामात काजू फोडण्याच्या मशीनचे सुटे भाग, अशी कामं चालतात. रनआउटच्या, म्हणजे फिरताना टूल आपल्या केंद्रावर न राहता किंचित डोलण्याच्या दोषाने आम्हाला चार पावसाळे छळलं. किनारपट्टीवर कुणाच्या शॉपमध्ये तो असेल, तर त्याचे पैसे आणि जॉब वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षण असं. आमच्या एका व्हॉल्व्ह बॉडीवर १२ एच ७ ची चार भोकं रीम करायची, म्हणजे रीमरने नेमक्या मापाला आणायची असतात. एच ७ म्हणजे भोक १२.००० ते १२.०१८ मिमीच्या आत हवं. मे महिन्यापर्यंत काम सुरळीत, रोजचे जॉब पास. मृगाचा पाऊस सुरू झाला की कुरबुर सुरू व्हायची, आणि गौरी-गणपतीची आठवड्याची सुट्टी संपवून शेड उघडली की पहिल्याच दिवशी नो-गो गेज (जो भोकात जाता कामा नये) सरळ भोकात उतरायचा. बोअर गेजने पाहिलं तर भोक तोंडाशी १२.०२६ आणि तळाशी १२.०१४. त्याच मशीनवर ६ मिमीचं दोन दातांचं कार्बाइड एंडमिल (मिलिंगचं कापणारं टूल), जे एरवी दोन शिफ्ट चालायचं, ते अर्ध्या शिफ्टमध्ये एका बाजूने झिजून कोपरा उडवायचं. एक दात काळवंडलेला, दुसरा जवळपास नव्यासारखा.

एक दात झिजलेला आणि दुसरा कोरा, हे रनआउटचं अगदी उघड लक्षण आहे. हिशेब करून पाहा. ६ मिमी एंडमिल, ३१६ वर मिनिटाला ६० मीटर कटिंग स्पीड, म्हणजे साधारण ३१८० आरपीएम. दाताला ०.०२५ मिमी फीड धरली तर एफ, म्हणजे मिनिटाला टूल पुढे सरकण्याचा वेग, १५९ मिमी येतो. आता दोन दातांमध्ये डायलवर (काट्याच्या मापकावर) ०.०२५ चा फरक आहे असं समजा. बाहेरचा दात ०.०५० कापतो, आतल्या दाताच्या वाट्याला शून्य येतं. तो नुसता घासत जातो. एमएसवर (साध्या पोलादावर) हे एक वेळ खपून जाईल, ३१६ वर नाही, कारण हा स्टेनलेस घासला की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक थरात शिरतो. प्रोग्रॅममध्ये फीड बरोबर, स्पीड बरोबर, आणि तरी टूल मरतं ते यामुळे.

तर रनआउट आहे हे कळलं होतं. तो कुठून येतोय, याबद्दल आम्ही चार वर्षं चुकीचा समज करून बसलो होतो.

पहिल्या वर्षी ईआर ३२ ची कोलेटं (टूल आवळून धरणारे भाग) जुनी झाली म्हणून कोल्हापूरहून नवा सेट आणला. दोनेक आठवड्यांत रनआउट खाली आला, आम्ही खूष. दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर पुन्हा तेच. मग पाच मायक्रॉनवाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) महाग कोलेटं घेतली. पुन्हा काही आठवड्यांत सगळं ठीक. तिसऱ्या वर्षी होल्डर (कोलेट ज्यात बसतं आणि जो स्पिंडलमध्ये जातो तो भाग) बदलले. ज्या दुकानदाराकडून माल घेतला त्याच्याशी मी वाद घातला, माल दुय्यम दर्जाचा दिलास म्हणून. तो बिचारा त्याच्या परीने बदलून देत राहिला. आज सांगतो, त्याच्या मालात खोट नव्हती. ऑक्टोबरचं ऊन पडलं की रनआउट आपोआप उतरत होता, आणि श्रेय दर वेळी नव्या खरेदीला जात होतं.

गाठ सुटली ती आमच्या जुन्या ऑपरेटरच्या एका प्रश्नामुळे. चौथ्या वर्षी गणपतीनंतर डायल लावून बसलो होतो. मी म्हणालो, "मशीन आठ दिवस बंद राहिलं की असंच होतं." तो म्हणाला, "दादा, शिमग्याला पण आठ दिवस बंदच असतं की. तेव्हा कुठे काय होतं?"

खरंच होतं. शिमग्याला सगळं शॉप गावी पालखी नाचवायला जातं. मशीन तेवढेच दिवस बंद, टूल तसंच स्पिंडलमध्ये, कोलेटं तीच. परत आल्यावर पहिला जॉब पास. बंद राहण्याने दोष येत असता तर तो मार्चमध्येही यायला हवा होता. मार्च आणि भाद्रपद यांच्यात फरक एकच, तो हवेचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

पाचदा मोजा

त्या दिवशी आम्ही मोजण्याची पद्धत बदलली. एरवी आम्ही काय करायचो, होल्डर लावायचा, डायल टेकवायचा, स्पिंडल हाताने फिरवायचा, आकडा बघायचा, नट सैल करून कोलेट थोडं फिरवायचं, आकडा कमी दिसला की काम सुरू. एकदाच घेतलेला आकडा यात फसवतो.

टेस्ट पिन म्हणून तुटलेल्या १२ मिमी सॉलिड कार्बाइड एंडमिलचा शँक (दांडा) वापरतो. शँक एच ६ मध्ये ग्राइंड केलेला असतो, गंजत नाही, आणि फुकट असतो. फक्त व्ही ब्लॉकवर फिरवून तो सरळ आहे याची खात्री एकदा करून घ्यायची. डायल लिव्हरचा, दोन मायक्रॉनचा घ्या. ०.०१ मिमीचा प्लंजर डायल या कामाला जाड पडतो. लिव्हरची दांडी पिनच्या पृष्ठभागाला शक्य तितकी समांतर ठेवा. ती ३० अंश तिरकी राहिली तर डायल खऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के जास्त दाखवतो, आणि पाच-दहा मायक्रॉनच्या भांडणात तेवढा फरक पुरतो. सर्व्हो बंद करून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा.

आता मुख्य भाग. कोलेटला, नटला हात न लावता तोच होल्डर एम ६ ने (टूल बदलण्याची आज्ञा) मॅगझिनमध्ये (टूलच्या साठ्यात) पाठवा, परत आणा, मोजा. असं पाच वेळा. नटपासून ३० मिमी खाली आमचे आकडे आले ते असे: ०.०१२, ०.०३४, ०.०१८, ०.०४१, ०.०१५. आणि हाय पॉइंट, म्हणजे डायलचा काटा जिथे सर्वात वर जातो ती जागा, दर वेळी वेगळी. मार्कर पेनाने पिनवर खुणा केल्या तर चारी बाजूंना खुणा झाल्या.

कोलेट वाकडं असेल, होल्डरचा टेपर (स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता भाग) चुकलेला असेल, स्पिंडल ठोकला गेलेला असेल, तर आकडा वाईट येईल, पण दर वेळी तोच येईल आणि हाय पॉइंट एकाच जागी राहील. एम १९ या आज्ञेमुळे स्पिंडल एकाच कोनात थांबतो, होल्डर त्याच चाव्यांवर (स्पिंडलच्या तोंडावरच्या ठोकळ्यांवर) बसतो, मग आकडा का बदलावा? बदलतोय म्हणजे होल्डर दर वेळी वेगळा बसतोय. टेपरमध्ये काहीतरी येतं-जातं आहे, नाहीतर ड्रॉबार (होल्डर आत ओढून धरणारा दांडा) नीट ओढत नाही. कोलेट या यादीतच नाही. चार वर्षांचा खर्च या एका चाचणीने वाचला असता, याची मला आजही टोचणी आहे.

टेपरमध्ये किती बारीक गोष्ट पुरते ते पाहा. आमच्या बीटी ४० जातीच्या होल्डरचा टेपर सुमारे ६५ मिमी लांब. त्याच्या वरच्या बारीक टोकाशी दहा मायक्रॉनचा एक कण अडकला, आणि टूलचं टोक स्पिंडलच्या तोंडापासून १३० मिमी खाली असेल, तर कलण्यामुळे टोक ढोबळमानाने २० मायक्रॉन सरकतं आणि डायलवर त्याचं दुप्पट, ४० दिसतं. दहा मायक्रॉन हाताला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत.

टॉर्च लावून स्पिंडलच्या आत पाहिलं. टेपरच्या खालच्या कडेला, जिथे थेंब ओघळून थांबेल तिथे, अर्धवट वर्तुळात तपकिरी ठिपके. होल्डरवर त्याच जागी त्यांची जोडी. एक पांढरं बनियनचं कापड बोटाला गुंडाळून आतून फिरवलं, ते विटकरी होऊन बाहेर आलं. स्पिंडलचा टेपर आणि होल्डर दोन्ही स्वच्छ पुसले आणि पुन्हा पाचदा मोजलं: ०.०११, ०.०१२, ०.०११, ०.०१३, ०.०१२. हाय पॉइंट एकाच जागी.

इथे थांबलो असतो तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच लिहायला बसलो असतो. सुट्टीत गंज चढला, पुसला, संपलं, असं वाटणं साहजिक होतं. पण काम सुरू केल्यावर दोन तासांत, साठेक टूल चेंजनंतर, आकडा पुन्हा ०.०३ वर. कीस आत जातोय का म्हणून जॉब न लावता नुसती टूल चेंजची सायकल चालवली. तरी तेच. म्हणजे घाण मशीन स्वतःच आणत होतं.

कागदाची चाचणी

टूल बदलताना टेपर साफ राहावा म्हणून स्पिंडलमधून हवेचा झोत येतो. टेपर ब्लो म्हणतात त्याला. वर्तमानपत्राचा कोरा कागद स्पिंडलच्या तोंडाखाली हाताच्या अंतरावर धरला आणि अनक्लॅम्पचं बटण दहा वेळा दाबलं. होल्डर अर्थातच आधी काढून ठेवला होता.

तिसऱ्या वेळेपर्यंत कागदावर बारीक ठिपके. दहाव्या वेळी मध्यभागी रुपयाएवढा ओला डाग आणि त्याच्या कडेला पिवळसर रेघ. ऑपरेटरने बोट लावून वास घेतला, म्हणाला, "कॉम्प्रेसरचं तेल आणि पाणी." जो झोत टेपर साफ करायला दिलाय तोच प्रत्येक टूल चेंजला आत पाण्याचा फवारा मारत होता, वर होल्डर घट्ट ओढून बसत होता, आणि पाणी दोन पोलादांच्या मध्ये कोंडलं जात होतं.

हे पाणी किती असतं याचा अंदाज मलाही नव्हता. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्के, म्हणजे तिच्यात २७ ग्रॅम आधीच असतात. कॉम्प्रेसर सात बारला दाबतो तेव्हा आठ घनमीटर हवेची एक घनमीटर होते. आठ घनमीटरमध्ये २१६ ग्रॅम पाणी होतं, पण हवा टाकीत आणि पाइपात थंड होऊन पुन्हा ३० अंशांवर आली की तिला ३० ग्रॅमच धरता येतात. उरलेलं १८६ ग्रॅम पाणी होऊन पडतं. ओढलेल्या प्रत्येक घनमीटरमागे २३ ग्रॅम झाले. आमचा दहा हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण एक घनमीटर ओढतो. पूर्ण लोडवर तासाला जवळपास १.४ लिटर पाणी! निम्मा लोड धरला तरी आठ तासांच्या शिफ्टला साडेपाच लिटर. आम्ही टाकीचा ड्रेन उघडायचो आठवड्यातून एकदा, शनिवारी.

मग मार्चमध्ये काय? पाणी तेव्हाही पडतं, आर्द्रता ६० टक्के धरली तर घनमीटरमागे चौदा-पंधरा ग्रॅम. कमी आहे, पण नाही असं नाही. खरा फरक पुढच्या टप्प्यात आहे. मार्चमध्ये ते पाणी दुपारपर्यंत वाळतं. पावसाळ्यात वाळत नाही, आणि त्यात आपल्याकडे समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ असतं. मिठाचा स्वभाव असा की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जुलैत स्वयंपाकघरातलं मीठ सादळून डब्याला चिकटतं ना, तेच होल्डरच्या अंगावर होतं. टेपरवर बसलेला मिठाचा अदृश्य थर चार महिने ओला राहतो, आणि ओलं मीठ लागलेलं पोलाद कसं गंजतं ते बंदरावरच्या कुणालाही विचारा. दर गणपतीला आम्ही तो होल्डर स्पिंडलमध्ये तसाच ठेवून आठ दिवस गावी जात होतो.

आमच्याकडे आणखी एक भर होती. कूलंट बोअरवेलच्या पाण्यात मिसळत होतो, आणि आमच्या बोअरचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. मचूळ पाण्यातलं क्लोराइड कूलंटमध्ये साठत जातं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. रीफ्रॅक्टोमीटरवर कूलंटची टक्केवारी बरोबर दिसते आणि तरी जॉबवर, होल्डरवर गंज येतो तो यामुळे. आता कूलंटपुरतं आरओचं पाणी वापरतो.

काय बदललं

सर्वात स्वस्त गोष्ट आधी केली: टाकीचा ड्रेन रोज दोनदा, सकाळी कॉम्प्रेसर चालू करण्याआधी आणि जेवणाच्या सुट्टीत. पुढच्याच आठवड्यात टाकीला ऑटो ड्रेन लावला, कारण माणूस विसरतो. नंतर पाइपलाइनकडे वळलो. आमची लाइन टाकीपासून मशीनकडे सपाट गेली होती आणि मशीनचे फाटे पाइपाच्या पोटातून खाली काढले होते. पाणी पोटातूनच वाहतं, म्हणजे ते थेट मशीनमध्ये ओतण्याची सोय आम्हीच करून ठेवली होती. आता लाइनला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार दिला, फाटे पाइपाच्या वरच्या अंगाने काढून वळवून खाली आणले, आणि लाइनच्या शेवटी एक उभी नळी व ड्रेन कॉक ठेवला. प्लंबरचं दोन दिवसांचं काम.

मोठा खर्च रेफ्रिजरेटेड ड्रायरचा. तो हवा तीन अंशांच्या आसपास थंड करून पाणी तिथेच पाडतो, त्यामुळे पुढे शेडच्या तापमानाला लाइनमध्ये थेंब होत नाही. घेताना दोन गोष्टी सांभाळा. ड्रायरची क्षमता ठरावीक तापमानाच्या हवेसाठी सांगितलेली असते, म्हणून कॉम्प्रेसरमधून निघालेली गरम हवा आधी आफ्टरकूलर आणि टाकीतून थंड होऊन त्याच्यात जायला हवी. आणि ड्रायरच्या आधी तेल पकडणारा फिल्टर हवा, नाहीतर तेलाचा थर चढून तो थंड करणं सोडून देतो. दोन मशीनच्या शॉपला हा खर्च जड आहे, मला मान्य आहे. पण आमची चार वर्षांची कोलेटं, होल्डर, फुकट गेलेली एंडमिलं आणि नापास व्हॉल्व्ह बॉड्या यांची बेरीज मी वहीत मांडली तेव्हा ती ड्रायरच्या वर गेली. ज्याला आत्ता जमत नाही त्याने निदान उतार, वरून फाटा, ऑटो ड्रेन आणि मशीनच्या एफआरएलचा (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर) बाउल रोज रिकामा करणं, एवढं करावं. अर्ध्याहून जास्त पाणी तिथेच अडतं.

टेपरची सफाई रोज सकाळी. स्पिंडलसाठी फेल्टच्या पट्ट्यांचा टेपर क्लीनर मिळतो, तो दोनदा फिरवायचा. होल्डर स्वच्छ बनियनच्या कापडाने पुसायचा, कॉटन वेस्टने नाही, तिचे धागे टेपरवर राहतात आणि धागा म्हणजे वीस-तीस मायक्रॉन सहज. गंजाचे ठिपके दिसले तर पॉलिश पेपर मारण्याचा मोह होतो, तो आवरा. स्पिंडलच्या टेपरवर पॉलिश पेपर मारला की तिथे खड्डा पडतो आणि तो भरून निघत नाही. तेल लावून, कापडाने, चिकाटीने निघेल तेवढं काढा. होल्डरवर उठलेली बर (धारदार कंगोरा) असेल तर बारीक ऑइल स्टोनचा एक हलका हात, तोही फक्त उठलेल्या जागी. एखादा होल्डर आतून खड्डे पडेपर्यंत गंजला असेल तर भंगारात टाका, कारण तो चांगल्या स्पिंडलचा टेपरही खराब करतो.

होल्डर ठेवायला पत्र्याचं जुनं कपाट घेतलं, तळाला ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला, दार बंद. आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहते, तेवढ्याने आर्द्रता खाली येते आणि मीठ ओलं होत नाही. कॅमेरा आणि जुनी कागदपत्रं सांभाळणारे लोक इथे हेच करत आले आहेत. बल्बपासून कापड-पुठ्ठा लांब ठेवा.

शिफ्ट संपताना स्पिंडलमध्ये टूल ठेवत नाही. पण टेपर उघडाही ठेवता येत नाही, शेडमधली दमट हवा आणि कूलंटचा फवारा आत जातो. आमच्या लेथवर नायलॉनचा एक प्लग टर्न केला, टेपरच्या आकाराचा, थोडा सैल. रात्री स्पिंडल पुसून, तेलाचं बोट फिरवून तो हाताने आत सारायचा. खाली पडू नये म्हणून टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर टेकवतो. सकाळी मशीन चालू करणाऱ्याने आधी प्लग काढायचा, ही पाटी कंट्रोल पॅनेलवरच चिकटवली आहे. सकाळी तेल पूर्ण पुसूनच होल्डर लावायचा. तेलाचा जाड थरही होल्डर नीट बसू देत नाही.

पाच आकडे सारखे आले आणि तरी वाईट आले तर

मग दोष आकाराचा आहे, आणि तो शोधायला डायल आणि एक मार्कर पुरतो. हाय पॉइंटची खूण करा. बीटीच्या होल्डरला दोन्ही चाव्यांच्या खाचा सारख्या असतात, म्हणून तो १८० अंश फिरवून बसवता येतो. फिरवून लावल्यावर हाय पॉइंट होल्डरबरोबर फिरला तर दोष होल्डर किंवा कोलेटमध्ये. तो स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिला तर दोष स्पिंडलमध्ये. होल्डरकडचा निघाला तर कोलेट होल्डरमध्ये अर्धा फेरा फिरवून तेच पुन्हा करा, मग पिन कोलेटमध्ये फिरवा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट हलवायची. नटजवळ आणि ५० मिमी खाली, दोन्हीकडे मोजा: दोन्ही आकडे सारखे तर केंद्र सरकलंय, खालचा मोठा तर टूल कललंय.

ईआर कोलेटच्या बाबतीत मी जितक्या शॉपमध्ये गेलो तिथे निम्म्या ठिकाणी एकच चूक पाहिली. कोलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवतात. कोलेट आधी तिरकं धरून नटच्या आतल्या रिंगमध्ये कट् आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट होल्डरवर चढवायचा. नाहीतर ते वाकडं दाबलं जातं आणि टूल काढताना नटबरोबर बाहेरही येत नाही. शँक कोलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीत असावा. कोलेट एक मिलिमीटर दबतं म्हणून १० ते ९ च्या कोलेटमध्ये ९.२ चं टूल धरता येतं हे खरं, पण रीमरसाठी तसं करू नका, नेमक्या मापाचं कोलेट घ्या. आणि पान्याला पाइप लावून नट आवळणं बंद करा, जास्त आवळल्याने कोलेट पिळवटतं. टॉर्क रेंच घ्या, आकडा कॅटलॉगमध्ये असतो.

पुल स्टडचंही (होल्डरच्या वरच्या टोकाचा, ड्रॉबार पकडतो तो बोल्ट) तसंच. तो जोर लावून आवळला की होल्डरचं बारीक टोक किंचित फुगतं आणि टेपर फक्त वरच बसतो. प्रशियन ब्लूचा (टेकणारी जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात देऊन पाहा: डाग मोठ्या टोकाकडे भरपूर आणि सलग हवा. फक्त बारीक टोकाला आला तर आधी पुल स्टड सैल करून पुन्हा पाहा, होल्डर फेकू नका.

स्पिंडलमध्येच दोष निघाला, टेपरला आतून डायल लावून दहा मायक्रॉनच्या वर दिसतंय, वर आवाज किंवा जास्त गरमी आहे, तर ते काम आपलं नाही. सर्व्हिसवाल्याला बोलवा. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरहून माणूस यायला दिवस लागतात, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्या करून आकडे त्याला फोनवरच सांगा, तो योग्य सामान घेऊन निघेल.

आम्ही कामाला लावताना पाळतो त्या मर्यादा: साधं मिलिंग दहा मायक्रॉन, रीमर आठ, तीन मिलिमीटरखालचं टूल पाच. रीमरसाठी आता एक हायड्रॉलिक होल्डर (तेलाच्या दाबाने टूल धरणारा) घेतलाय. हवा कोरडी झाल्यावरच तो घेण्यात अर्थ होता.

गेल्या वर्षी गणपतीला जाताना प्लग लावला, होल्डर कपाटात, कॉम्प्रेसरची टाकी पूर्ण रिकामी, लाइनचा कॉक उघडा. परत आल्यावर पहिल्या मशीनचे पाच आकडे: ०.००७, ०.००८, ०.००७, ०.००७, ०.००८. पहिलं भोक १२.००९.

दुसऱ्या मशीनवर मात्र पाच आकडे अजून हलत होते, ०.००९ पासून ०.०२२ पर्यंत. कागद कोरडा, टेपर स्वच्छ. होल्डरवर ठिपक्यांऐवजी टेपरच्या दोन्ही टोकांना चकचकीत तांबूस पट्टे होते, म्हणजे होल्डर कापताना आत सूक्ष्म हलत होता. ड्रॉबार फोर्स गेज एका ओळखीच्या शॉपमधून मागून आणला. ओढ कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा तीस टक्के कमी भरली. वीस टक्क्यांच्या वर उतरली की स्प्रिंग बदलायच्या, असं आम्ही धरतो. ड्रॉबारच्या डिश स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असतात, त्या स्वतः उघडायला जाऊ नका. माणूस बोलावून बदलून घेतल्या, गठ्ठ्यातल्या तीन तुटलेल्या निघाल्या. आता तिथेही आकडा ०.००९ वर टिकून आहे, आणि फोर्स गेज आम्ही स्वतःचा घेतलाय, दर सहा महिन्यांनी, आगोटीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लावायला.